देवनागरी मुद्राक्षरांतील वक्रबिंदूंचे प्रमाणन व रूपांतरण

संगणकीय रेखाटनात कोणताही वक्र मोजक्या बिंदूंच्या साहाय्याने साठविला जातो. ह्या बिंदूंचे सहनिर्देशक ठराविक नियमाने बदलून वक्र लहान किंवा मोठा करणे ह्यास प्रमाणन म्हणतात. वक्र सरकविणे, फिरविणे, तिरपा करणे वा आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटविणे ह्या सर्व क्रिया प्रमाणनासह रूपांतरण ह्या व्यापक संज्ञेत मोडतात. नकाशे, यंत्रांची आरेखने, मोटारींचे सांगाडे अशा अनेक क्षेत्रांत ह्या क्रिया नित्य कराव्या लागतात. तथापि त्यांची खरी कसोटी अक्षरांत लागते. मोटारीचे आरेखन दुप्पट केले, तर त्याची अचूकता तेवढीच राहते; अक्षर दुप्पट किंवा निमपट केले, तर भूमितीच्या दृष्टीने ते तेच राहूनही डोळ्याला निराळे दिसते. देवनागरीच्या बाबतीत ही अडचण रोमन लिपीपेक्षा अधिक तीव्र आहे. तिचा इतिहास मुंबईतील कोरीव ठशांपासून तेथीलच संगणकीय संशोधनापर्यंत पोहोचतो.

‘वांद्रे’ हा शब्द उदाहरणादाखल घ्यावा. पश्चिम रेल्वेच्या ह्या स्थानकावरील पिवळ्या फलकावर तो चालत्या गाडीतून वाचता येईल एवढा मोठा असतो. संगणकीय तिकिटे येण्यापूर्वी वापरात असलेल्या पुठ्ठ्याच्या छोट्या तिकिटांवर स्थानकांची नावे काही मिलिमीटर उंचीत बसवीत. शब्द लहान, पण त्यात व ची गाठ, काना, कान्यावरचा अनुस्वार, द चे पोट, त्याखाली रकाराची तिरपी रेघ आणि शिरोरेषेवर मात्रा, इतके घटक एकमेकांना खेटून उभे आहेत. फलकावर त्यांच्यामधील पोकळी प्रशस्त असते. तीच आकृती तंतोतंत लहान केली की, शाई पसरून द चे पोट आणि रकाराची रेघ एकजीव होऊ लागतात, अनुस्वार मात्रेला चिकटतो. रकार बुजल्यास गावाचे नाव ‘वांदे’ असे वाचले जाईल, ही थट्टा मुंबईकरांना नवी नाही. परंतु अनुस्वाराचा प्रश्न थट्टेचा नाही. ‘मुलास’ आणि ‘मुलांस’, ‘घरात’ आणि ‘घरांत’, ‘सदस्यास’ आणि ‘सदस्यांस’ ह्या जोड्यांत एकवचन व अनेकवचन ह्यांतील भेद केवळ एका ठिपक्यावर अवलंबून असतो. आठ पॉइंट मापाच्या खिळ्याची एकूण उंची सुमारे २·८ मिमी.; अनुस्वाराचा व्यास तिच्या एकदशांश धरला, तर तो ०·३ मिमी. देखील भरत नाही. शासकीय आदेश, औषधाची चिठ्ठी किंवा पाठ्यपुस्तक लहान अक्षरांत छापताना त्या ठिपक्याचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच अर्थाचा प्रश्न आहे.

खिळ्यांचे युग : खिळे हाताने घडविले जात होते, तोवर प्रमाणनाची क्रियाच अस्तित्वात नव्हती. ठसे कोरणारा कारागीर पोलादी कांबीच्या टोकावर उलटे अक्षर कोरी. तो ठसा तांब्यात ठोकून मातृका तयार होई आणि तीत शिसे, अँटिमनी व कथील ह्यांची मिश्रधातू ओतून खिळा निघे. प्रत्येक मापासाठी वेगळा ठसा अपरिहार्य होता. मोठ्या मापाचा ठसा समोर ठेवून लहान मापाचा कोरताना कारागीर त्याची नक्कल करीत नसे. ठशाचे टोक दिव्याच्या काजळीवर धरून तो कागदावर उमटवून पाही आणि डोळ्याला जे कमी-जास्त वाटे ते कानशीने दुरुस्त करी. परिणामी लहान मापाचे अक्षर मोठ्याच्या तुलनेने थोडे रुंद, थोडे जाड आणि पोटात अधिक मोकळे होत असे. ह्यासाठी त्याच्याजवळ सूत्र नव्हते. पण सूत्राने जे साधावयाचे, ते त्याच्या हाताला साधलेले होते.

मुंबईत ही विद्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात रुजली. तेथे टॉमस ग्रॅहम ह्यांच्या देखरेखीखाली मराठी खिळे तयार होत असत. लहानपणी तेथे खिळे घासण्याचे काम केलेले जावजी दादाजी चौधरी (१८३९–९२) ह्यांनी पुढे स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू ह्यांनी निर्णयसागरासाठी कोरलेल्या ठशांमुळे ह्या छापखान्याची संस्कृत व मराठी पुस्तके देशभर सुबक छपाईचा मानदंड ठरली. निर्णयसागरी पुस्तकांत मूळ श्लोक मोठ्या, टीका मध्यम आणि टिपा बारीक खिळ्यांत असत. एकाच पृष्ठावरील हे तीन आकार एकाच कुळातील वाटतात, एकमेकांची छायाचित्रे वाटत नाहीत. ह्याचे कारण वर सांगितलेल्या पद्धतीत आहे. पुढील काळातील पुष्कळ छपाई ह्या पृष्ठांशेजारी ठेवली की फिकी का वाटते, ह्याचेही उत्तर बहुतांशी तेथेच सापडते.

त्याच शहरात अक्षरे मोठी करण्याची दुसरी एक परंपरा नांदत होती. दुकानांच्या पाट्या व चित्रपटांचे प्रचंड फलक रंगविणारे पेंटर लहान नमुन्यावर चौकटी पाडीत, तेवढ्याच चौकटी भिंतीवर वा कापडावर मोठ्या आकारात आखीत आणि एकेका चौकटीतील रेषा दुसरीकडे उतरवीत. वक्र जेथे चौकटीची रेघ ओलांडतो तेथे खूण करावयाची आणि खुणा जोडावयाच्या, ही रीत म्हणजे बिंदूंच्या प्रमाणनाचेच हाताने केलेले रूप होय. खडू लावलेला दोरा ताणून सोडला की शिरोरेषा मिळे. पेंटरही शेवटी खाली उतरून, चार पावले मागे जाऊन पाही आणि मग काना जाड करी किंवा मात्रा आवरती घेई.

ह्यानंतरचा टप्पा थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत लिन बॉइड बेंटन ह्यांनी १८८५ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राने पँटोग्राफच्या तत्त्वावर एका मोठ्या नमुन्यावरून निरनिराळ्या मापांचे ठसे कोरणे शक्य झाले. तेव्हापासून अक्षर आणि त्याचे माप ह्यांची फारकत होऊ लागली. तथापि चांगल्या ओतशाळा लहान व मोठ्या मापांसाठी वेगळे नमुने ठेवीत. विसाव्या शतकातील जुळणीयंत्रांवर देवनागरी बसविताना लक्ष वेधले ते चिन्हांच्या संख्येने; हरी गोविंद गोविल ह्यांच्या लायनोटाइपवरील प्रयत्नांचा (सु. १९३३) भर तिकडेच होता. बापूराव नाईक ह्यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा धातूच्या खिळ्यांचे युग मावळतीला लागले होते. छायाजुळणीत काचेवरील वा फिल्मवरील एकच अक्षर भिंगाने हवे तेवढे मोठे किंवा लहान केले जाई. भिंगाला कानस नसते, त्यामुळे बारीक अक्षरांना मिळणारी विशेष वागणूक येथे बंद पडली.

वक्राचे गणित : संगणकात अक्षराची सीमारेषा ज्या वक्रांनी घडते, त्यांचे मूळ फ्रान्समधील मोटार उद्योगात आहे. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्झो (१९३०–२०२२) ह्यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉ कंपनीतील प्येर बेझिए (१९१०–९९) ह्यांनी त्यानंतर थोड्याच काळात, स्वतंत्रपणे, वक्राला काही नियंत्रण बिंदूंनी बांधण्याची पद्धत शोधली. पहिल्याचे काम कंपनीने गुप्त ठेवले. दुसऱ्याचे प्रसिद्ध झाले म्हणून वक्राला बेझिए ह्यांचे नाव मिळाले. त्यामागील बहुपदी सर्गेई बर्नस्टाइन ह्यांनी १९१२ मध्येच एका निराळ्या सिद्धांतासाठी मांडल्या होत्या. बिंदू पडद्यावर पकडून आकृती हलविण्याची कल्पना आयव्हन सदरलंड ह्यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील आपल्या ‘स्केचपॅड’ प्रणालीत प्रत्यक्षात आणली.

त्रिघाती बेझिए वक्राला चार बिंदू असतात. पहिला व चौथा वक्राची टोके होत. मधले दोन सामान्यतः वक्रावर नसतात. ते वक्राला आपल्याकडे ओढतात. रेखाटनाच्या प्रणालीत हे दोन बिंदू टोकांना जोडलेल्या दांड्यांच्या रूपात दिसतात. वक्रावरील कोणताही बिंदू म्हणजे ह्या चार बिंदूंची भारित सरासरी होय. वक्राच्या मध्यावर हे भार अनुक्रमे १/८, ३/८, ३/८ आणि १/८ असतात. त्यांची बेरीज १ होते. अन्य कोणत्याही ठिकाणी भार बदलतात, पण बेरीज १ च राहते, आणि ह्या एका गोष्टीवर सर्व रूपांतरणांचा डोलारा उभा आहे. समजा, चार बिंदू (०, ०), (०, ४), (४, ८) आणि (८, ८) असे आहेत. वक्राचा मध्यबिंदू (२·५, ५·५) येतो. चारही बिंदू दुप्पट करून पुन्हा गणित केले, तर उत्तर (५, ११) येते, म्हणजे आधीच्या मध्यबिंदूच्या नेमके दुप्पट. सर्व बिंदू तीन घरे उजवीकडे सरकविले, तर मध्यबिंदूही तीन घरेच सरकतो. फिरविणे, तिरपे करणे, उलटविणे ह्यांनाही हेच लागू पडते. वक्रावर असंख्य बिंदू असले, तरी रूपांतरण फक्त चारांचे करावे लागते. उरलेले आपोआप त्यांच्या मागे येतात. ह्या वर्गातील रूपांतरणांस अफाइन रूपांतरणे म्हणतात आणि ती दोन ओळी व तीन स्तंभांच्या, म्हणजे सहा संख्यांच्या आव्यूहात मावतात. यथादर्शनासारखे, दूरचे लहान दाखविणारे रूपांतरण मात्र ह्या वर्गात येत नाही. त्याला केवळ बिंदू हलवून भागत नाही.

हे गणित निर्दोष आहे. अडचण निर्माण होते ती त्याच्या निर्दोषपणामुळेच, कारण ते अक्षरातील सर्व काही सारख्याच निष्ठेने बदलते. दैनिकात किंवा लग्नपत्रिकेत मजकूर बसत नाही म्हणून अक्षरे आडव्या दिशेने ८० टक्के केली, असे समजू. काना आणि दंड ह्यांची जाडी ८० टक्के होते. शिरोरेषेची जाडी पूर्वीइतकीच राहते. वर्तुळाकार अनुस्वार अंड्यासारखा होतो. बोरूच्या भाषेत सांगावयाचे, तर ४५ अंशांत धरलेल्या बोरूने उभी व आडवी रेघ सारख्याच जाडीची येते. ८० टक्के दाबलेले अक्षर हे सुमारे ५१ अंशांत धरलेल्या आणि मूळच्या ०·९१ पट रुंदीच्या बोरूने लिहिल्यासारखे असते. म्हणजे ते अक्षर स्वतःपुरते सुसंगत असते. पण लिहिणाऱ्याने ओळीच्या मध्येच बोरू बदलला आणि हातही फिरविला, असे ते शेजारच्या अक्षरांजवळ दिसते. वाचकाला काय बिघडले हे सांगता येत नाही. ओळ ओढल्यासारखी वाटते एवढेच तो म्हणतो.

ह्यावरचा उपायही बोरूतच आहे. अक्षराचा सांगाडा, म्हणजे बोरूच्या टोकाने घेतलेला मार्ग, वेगळा साठवावा आणि टोकाची रुंदी व कोन वेगळे. मग बिंदूंचे प्रमाणन फक्त सांगाड्यापुरते करता येते व जाडी हवी तशी राखता येते. रेखाटनाच्या आजच्या प्रणालींत रेषेची जाडी प्रमाणनाबरोबर बदलावी की नाही, हे ठरविण्याची सोय असते ती ह्याच भेदामुळे. नवख्या चित्रकाराचे चिन्ह मोठे करताच त्याच्या रेषा केसासारख्या बारीक दिसू लागतात, तेव्हा ही सोय बंद असते.

दुसरी अडचण पूर्णांकांची आहे. मुद्राक्षराचे बिंदू एका जाळीवर बसवितात; पोस्टस्क्रिप्ट प्रकारात अक्षरचौकटीची उंची बहुधा १००० एकके असते, तर ट्रूटाइप प्रकारात बहुधा २०४८. प्रमाणनानंतर येणारे अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर न्यावे लागतात. गुळगुळीत सांध्यावर (५००, ७००) हा बिंदू आणि त्याच्या दोन बाजूंचे नियंत्रण बिंदू (४८५, ६९३) व (५४५, ७२१) आहेत, असे धरू. तिन्ही एका सरळ रेषेत आहेत. ८० टक्के प्रमाणनानंतर ते (४००, ५६०), (३८८, ५५४) व (४३६, ५७७) असे होतात आणि सरळ रेषा राहत नाही. सांध्याला सुमारे सव्वा अंशाचा मोड पडतो. बारीक अक्षरात तो दिसणार नाही. पण तेच अक्षर पुन्हा फलकाइतके मोठे केले की, व च्या पाठीवर कोपरा दिसतो. लहान करून पुन्हा मोठे करणे म्हणूनच अपायकारक. मूळ बिंदू जपून ठेवून प्रत्येक वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करणे, हा ह्या व्यवसायातील पहिला नियम मानला जातो.

दुसरा नियम बिंदूंच्या जागेविषयी आहे. वक्राच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या व उजव्या टोकावर बिंदू ठेवावा आणि त्याच्या दांड्या नेमक्या उभ्या किंवा आडव्या असाव्यात. असे केल्यास उभ्या-आडव्या प्रमाणनात दांड्यांची दिशा ढळत नाही व पूर्णांकीकरणाचा मोडही पडत नाही. अनुस्वाराचे वर्तुळ अशा चार बिंदूंनी काढतात. दांडीची लांबी त्रिज्येच्या ०·५५२३ पट ठेवली, तर खऱ्या वर्तुळापासूनचा फरक ०·०३ टक्क्यांहूनही कमी राहतो. अक्षर फिरविले किंवा तिरपे केले, तर मात्र ही टोके सरकतात व बिंदू नव्याने मांडावे लागतात. ठळकपणासाठी सरळ अक्षरे यंत्राने तिरपी करण्याची सवय रोमन लिपीतून देवनागरीत आली. त्यात दंड कलंडतात, शिरोरेषा मात्र जागची हालत नाही. ह्या लिपीला ही क्रिया मुळीच मानवत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आरशातील उलटापालटीने आणखी एक गोष्ट घडते : सीमारेषेच्या फेऱ्याची दिशा बदलते. आतली पोकळी आणि बाहेरची कड ओळखण्यासाठी काही प्रणाली ह्या दिशेवर विसंबतात. म्हणून उलटविलेल्या भागाची दिशा पूर्ववत केली नाही, तर दुसऱ्या भागाशी जोडताना पोकळी भरून निघू शकते.

मुंबईतील संशोधन : अक्षरांच्या सीमारेषा बिंदूंत नोंदविण्याचे काम पश्चिमेत १९७०–८० ह्या दशकात पेटर कारो ह्यांच्या हँबर्ग येथील ‘इकारुस’ प्रणालीने रूढ केले. डॉनल्ड कनूथ ह्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘मेटाफाँट’ची दिशा वेगळी होती, तीत अक्षर म्हणजे सांगाड्यावरून फिरणारी लेखणी. जाडी, उंची, कोन ही राशिमूल्ये बदलली की, एकाच वर्णनातून अनेक अक्षरकुळे निघत. हा विचार देवनागरीला जवळचा होता आणि तो भारतीय लिप्यांसाठी पडताळून पाहण्याचे काम पीयूष कांती घोष ह्यांनी केले. त्यांचा भारतीय लिप्यांतील मुद्राक्षर-अभिकल्प व जुळणीविषयीचा अहवाल स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केला.

कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकीय गटातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र ही स्वतंत्र संस्था निघाली. तिचे कार्यालय जुहू येथे, म्हणजे वांद्र्याच्या उत्तरेस काही किलोमीटर अंतरावर, होते. तेथील आलेखिकी विभागात सुधीर मुदूर व त्यांचे सहकारी वक्रांच्या गणितावर काम करीत होते. ह्या गणितज्ञांना अक्षराचा जाणकार लाभला तो रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) ह्यांच्या रूपाने. कोल्हापूरला जन्मलेले, जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेले, जाहिरात व्यवसायात अनेक वर्षे काढलेले आणि स्वतः मराठी कवी असलेले र. कृ. जोशी १९८३ पासून पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक होते. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुहूच्या केंद्रात काम केले. मुद्राक्षरांच्या अभिकल्पासाठी तेथे विकसित झालेल्या ‘विन्यास’ ह्या प्रणालीच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा होता. सुलेखनकार आणि गणितज्ञ एका टेबलाशी बसल्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळा. जोशी ह्यांच्या दृष्टीने अक्षर ही हाताची हालचाल होती. केंद्रातील तज्ञांच्या दृष्टीने ती चार-चार बिंदूंच्या वक्रांची साखळी. निर्णयसागरात ही दोन्ही ज्ञाने एकाच कारागिराच्या हातात होती. मधल्या शतकात ती दुरावली. जुहूच्या ह्या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व त्यांना पुन्हा एकत्र आणण्यात आहे. हे केंद्र २००३ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विलीन झाले.

दरम्यान बाजारपेठेत वेगाने बदल झाले होते. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि तिच्यावर चालणारे ॲपलचे लेसर मुद्रणयंत्र (१९८५), पाठोपाठ ‘इलस्ट्रेटर’ ही रेखाटन प्रणाली (१९८७) आणि १९९१ मधील ट्रूटाइप ह्यांमुळे वक्रबिंदू लहान छापखान्याच्या टेबलावर आले. ट्रूटाइपमध्ये वक्र द्विघाती असतात. त्रिघाती वक्राचे द्विघातीत रूपांतर केवळ अदमासाने होते व बिंदूंची संख्या वाढते. एका प्रकारातून दुसऱ्यात आणि परत, अशा फेऱ्यांनी नव्वदीच्या दशकातील कित्येक मराठी अक्षरकुळांच्या कडा खडबडीत झाल्या.

पडद्यावरील अक्षराची कसोटी छपाईपेक्षाही कडक होती. त्या काळच्या नेहमीच्या पडद्यावर बारा पॉइंट माप म्हणजे १६ चित्रबिंदूंची उंची. तेवढ्यात मात्रा, शिरोरेषा, अक्षराचे अंग आणि उकार अशा चार थरांची व्यवस्था लावावी लागे. प्रमाणनाने शिरोरेषेची जाडी १·४ चित्रबिंदू आली, तर ती एक ठेवावी की दोन? एक ठेवल्यास ओळ फिकी होते. दोन ठेवल्यास मात्रेखालची जागा संपते. असे निर्णय आधीच करून मुद्राक्षरात सूचनांच्या रूपाने साठवितात. वक्राचे बिंदू त्या सूचनांनुसार चित्रबिंदूंच्या जाळीवर सरकतात. विंडोज २००० बरोबर आलेले जोशी ह्यांचे ‘मंगल’ हे मुद्राक्षर कोट्यवधी लोकांनी वाचले ते अशाच लहान मापांत. मंगल कोरडे व रुक्ष आहे, अशी टीका सुलेखनप्रेमींकडून होते. पुस्तकाच्या पानावर ती योग्य ठरेल; पण १६ चित्रबिंदूंत ‘घरांत’ चा अनुस्वार शाबूत ठेवणे हे त्याचे मूळ काम होते, हे लक्षात घ्यावयास हवे.

मापानुसार अक्षराचे रूप बदलण्याची जुनी कला त्यानंतर गणिताच्या मार्गाने परत आली. एकाच अक्षराची बारीक आणि जाड अशी दोन आरेखने काढून त्यांतील संगत बिंदूंमधील अंतर हव्या त्या प्रमाणात विभागले, की मधली रूपे मिळतात. मात्र दोन्ही आरेखनांत बिंदूंची संख्या आणि क्रम तोच असावा लागतो; द च्या एका रूपात बावीस आणि दुसऱ्यात तेवीस बिंदू असतील, तर वक्र पिळवटतो. मुंबईतील ‘एक टाइप’ ह्या गटाने ‘मुक्ता’ हे अक्षरकुळ सात जाडींत उपलब्ध केले आहे. अशा कुळांच्या मागे हीच बिंदू जुळविण्याची चिकाटी असते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या बदलत्या मुद्राक्षरांच्या मानकामुळे ही विभागणी वाचकाच्या यंत्रावर, वाचनाच्या क्षणी होऊ शकते. त्यात दृश्यमापाचाही एक अक्ष आहे : आठ पॉइंटांत पोट मोकळे व रेघ जाड, बहात्तर पॉइंटांत रेघ सडसडीत. काजळी धरून कागदावर ठसा उमटविणाऱ्याला ह्यात नवे काहीच वाटले नसते.

पाट्यांचा प्रश्न : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी आवश्यक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असा दंडक आला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. वांद्र्याच्या लिंकिंग रोडसारख्या बाजारपेठांत, जेथे रोमन पाट्यांचे प्रमाण मोठे होते, तेथे थोड्या काळात बऱ्याच पाट्या नव्याने कराव्या लागल्या. येथे प्रमाणनाचा एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. रोमन मोठे अक्षर तळापासून माथ्यापर्यंत एकसंध असते, ३० सेंमी. म्हणजे सर्व ३० सेंमी. ‘वांद्रे’ ची मात्रेच्या टोकापासून रकाराच्या टोकापर्यंतची उंची ३० सेंमी. धरली, तर शिरोरेषेपासून पायापर्यंतचे अंग त्याहून बरेच लहान भरते आणि समान मापाच्या दोन ओळींत मराठी ओळ खुजी दिसते. ती भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे बिंदू उभ्या दिशेने ताणणे. दीडपट ताणल्यास शिरोरेषा दीडपट जाड होते, दंड तेवढेच राहतात आणि अनुस्वार उभ्या अंड्यासारखा होतो. लिंकिंग रोडवर चालताना अशी अक्षरे नजरेस पडतात. चांगला पाटी बनविणारा दुसरा मार्ग घेतो. तो दोन्ही लिप्यांची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत जुळवितो, मात्रा व उकारांसाठी पाटीची पट्टी वर-खाली रुंद ठेवतो आणि अक्षर ताणण्याऐवजी त्याच कुळातील एक पायरी जाड रूप निवडतो. त्याला पत्रा थोडा जास्त लागतो.